कंदील, तुरटी आणि जळगावचा दगड

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा दोघी-तिघींनी चिटणीसबाईंना हळूच विचारले म्हणे, की आनंदाच्या दिवशी गणित कशाला? प्रश्न रास्त आहे. पण पाककृती माझ्याहून चांगल्या सांगणाऱ्या येथे पुष्कळ बसल्या आहेत, आणि भरताचे वांगे कसे निवडावे हे जामनेरच्या बायकांना मी सांगावे हे शोभणारही नाही. शिवाय आजच्या विषयाला एक निकडीचे कारण आहे.

गेल्या दिवाळीत आपल्या मंडळाने आकाशकंदील करून विकले. कामट्या सरळ होत्या, दोरा पक्का होता, खळ चांगली शिजवलेली होती. आणि तरीही कित्येक कंदिलांचा खालचा चौकोन तिरपा झाला, अंग पिळवटल्यासारखे दिसू लागले. गिऱ्हाइकांनी भाव पाडून मागितला, काही कंदील परत आले. यंदा हा उद्योग चालवावा की सोडून द्यावा, यावर कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कोणी म्हणते बांबू ओला होता, कोणी म्हणते हाताला सफाई नव्हती. माझे म्हणणे असे, की दोष बांबूचा नाही आणि हाताचा तर मुळीच नाही. दोष मोजणीत आहे. तो कोठे आहे हे समजावयाचे, तर सपाट अंगे असलेल्या वस्तूंची, म्हणजे ज्यांना गणितात बहुफलक म्हणतात त्यांची, थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

या टेबलावर मी काही जिन्नस मांडले आहेत. लुडोचा फासा, काड्यापेटी, मिठाईचे चौकोनी खोके, दोन समोसे, एक कच्चा बटाटा, तुरटीचा खडा, कंदिलाचा सांगाडा, आणि हा रुमालात गुंडाळलेला दगड. दगड शेवटी दाखवीन. समोसे व्याख्यान संपेपर्यंत कोणी उचलू नयेत.

वस्तूच्या सपाट अंगाला पृष्ठ म्हणावयाचे, दोन पृष्ठे जेथे मिळतात ती कड, आणि कडा जेथे एकत्र येतात ते टोक. शाळेच्या पुस्तकात त्याला शिरोबिंदू म्हणतात. फाशाला पृष्ठे ६, टोके ८, कडा १२. समोसा नीट भरला आणि तळताना फुगला नाही, तर त्याला पृष्ठे ४, टोके ४, कडा ६. समोशाहून कमी पृष्ठांची वस्तू करताच येत नाही. तीन सपाट अंगांनी पोकळी बंद होत नाही, कोठेतरी तोंड उघडे राहतेच.

आता कोणाला वाटेल, की पृष्ठे मोजली की वस्तू ओळखली. तसे होत नाही. हे दोन समोसे मी एका अंगाने एकमेकांना चिकटवून धरते. मोजा पाहू. पृष्ठे ६ झाली, फाशाइतकीच! पण टोके ५ आणि कडा ९. फासा आणि हे जोडसमोसे यांना एक कोण म्हणेल? पंचकोनी पायावर उभ्या केलेल्या देवळाच्या शिखरालाही पृष्ठे सहाच: पाच बाजूंची आणि एक खालचे. गणित्यांनी हे सारे मोजून ठेवले आहे. ज्यांना कोठेही खळगा नाही अशा वस्तूंत चार पृष्ठांचा प्रकार एकच, पाच पृष्ठांचे दोन, सहा पृष्ठांचे सात, सात पृष्ठांचे चौतीस, आणि आठ पृष्ठांचे एकदम २५७. पृष्ठ एकाने वाढते आणि प्रकार किती पटींनी वाढतात ते पाहा. म्हणून नुसत्या पृष्ठांवर वर्गवारी होत नाही. टोके आणि कडाही पाहाव्या लागतात.

मात्र या तीन आकड्यांत एक नाते आहे. पृष्ठे आणि टोके यांच्या बेरजेतून कडा वजा करा, नेहमी २ उरतात. फाशाचे ६ आणि ८ मिळून १४, त्यातून १२ गेले, राहिले २. जोडसमोशांचे ६ आणि ५ मिळून ११, त्यातून ९ गेले, राहिले २. हे नाते स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७५० साली आपल्या मित्राला पत्रातून कळवले. पुढे हे गृहस्थ जवळजवळ पूर्ण आंधळे झाले, तरी मनात हिशेब करून लेखनिकाला सांगत राहिले. त्यांचे नाते का टिकते याची थोडीशी झलक बटाट्यावर दाखवता येते. बटाट्याचा चौरस ठोकळा कापला आणि त्याचे एक टोक सुरीने उडवले. जुने टोक एक गेले, नवी तीन आली, म्हणजे टोके दोनने वाढली. नवे पृष्ठ एक आले. नव्या कडा तीन आल्या. दोन आणि एक मिळून तीन वाढले, तिकडे कडाही तीनच वाढल्या. बाकी जेथल्या तेथे. कितीही टोके उडवा, दोन ते दोनच.

ही मोजणी कळली की कंदिलाकडे वळता येते.

आपण करतो तो जुन्या पद्धतीचा कंदील डोळ्यांसमोर आणा. मध्ये चार चौकोन टोकावर उभे, पतंगासारखे. वर एक चौकोन, खाली एक चौकोन. आणि यांच्या मधल्या जागांत आठ त्रिकोण. सहा आणि आठ मिळून चौदा पृष्ठे. गाठी मारावयाच्या जागा, म्हणजे टोके, बारा. तर कामट्या किती लागतील? चौदा आणि बारा सव्वीस, वजा दोन, चोवीस. सगळ्या एकाच लांबीच्या. बटाट्याच्या ठोकळ्याची आठही टोके प्रत्येक कडेच्या मध्यापर्यंत कापत नेली, तर नेमकी हीच आकृती हाती येते. ठोकळ्याच्या सहा पृष्ठांचे सहा लहान चौकोन होतात, आठ टोकांच्या जागी आठ त्रिकोण येतात आणि बारा कडांच्या मध्यावर बारा नवी टोके बसतात. ग्रीक लोकांना ही आकृती माहीत होती. सगळी टोके सारखी पण पृष्ठे एकाहून अधिक प्रकारची अशा तेरा आकृती आर्किमिडीजने सांगितल्या, त्यांत ही एक आहे. आपल्याकडे ती दर दिवाळीला दारात लोंबते आणि तिचे नाव कोणी विचारीत नाही, हे माझ्या मनाला नेहमी लागते.

आता कंदील वाकडा का होतो? तीन कामट्यांचा त्रिकोण बांधा आणि हलवून पाहा. हलत नाही. चार कामट्यांचा चौकोन बांधा. गाठी कितीही आवळा, तो पतंगासारखा दबतोच. आता मनात एक सांगाडा उभारा. पहिल्या तीन गाठींना तीन कामट्या लागल्या. पुढची गाठ हवेत पक्की धरावयाची तर तिला तीन कामट्यांचा आधार हवा. दोन असल्या तर ती दारासारखी फिरते. म्हणजे पहिल्या तीन गाठी सोडून राहिलेल्या प्रत्येक गाठीमागे तीन कामट्या. आपल्या कंदिलाला गाठी बारा. पहिल्या तिघींच्या तीन, राहिलेल्या नऊ गाठींच्या सत्तावीस, एकूण तीस कामट्या हव्यात. आपण घालतो चोवीस. सहा कमी पडल्या! आणि चौकोन किती आहेत? सहाच. प्रत्येक चौकोनाला एक तिरकी कामटी कमी आहे.

मग सगळेच कंदील का पडत नाहीत? कारण कागद. चौकोनावर ताणून चिकटवलेला कागद तिरक्या कामटीचेच काम करतो. चौकोन दबू लागला की त्याचा एक कर्ण लांबतो आणि कागद त्याला लांबू देत नाही. चार उभ्या चौकोनांवर आपण कागद लावतो, तेथे चार जागा भरल्या. वरच्या चौकोनात दिव्याचा होल्डर अडकवायला आपण एक आडवी कामटी टाकतो. ती कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टाकली तर पाचवी जागा भरली. खालचा चौकोन मात्र मोकळाच राहतो, त्याला नुसत्या झिरमिळ्या. आणि तिरपा झाला तो खालचाच चौकोन! ज्यांच्या कंदिलांत वरची कामटी कोपऱ्यांऐवजी दोन बाजूंच्या मध्यावर टाकली होती, त्यांचे दोन्हीकडून बिनसले. कारण मध्यावरची कामटी चौकोनाबरोबर खुशाल फिरते, त्याला अडवीत नाही.

उपाय दोन पैशांचा आहे. वरची कामटी कोपऱ्याला कोपरा धरून बांधावयाची, आणि खालच्या चौकोनात पक्क्या दोऱ्याची ताणून फुली घालावयाची. फुली अशासाठी, की दोरा ताण सोसतो, दाब सोसत नाही. चौकोन कोणत्याही बाजूला दबो, फुलीतला एक दोरा ताणलेला राहील. त्रिकोणांवरचा कागद नुसता शोभेचा आहे, तो शेवटी लावला तरी चालेल. चौकोनांचा मात्र आधी, आणि सांगाडा सपाट पाटावर ठेवून लावला पाहिजे. म्हणजे उद्योग बंद करण्याचे कारण मला तरी दिसत नाही. शंभर कंदिलांना २,४०० कामट्या आणि वरच्या शंभर वेगळ्या, त्या मात्र सुमारे दीडपट लांब घ्याव्यात. इतकाच हिशेब कार्यकारिणीने बांबूवाल्याशी बोलताना ध्यानात धरावा.

आता सममितीकडे येते. पृष्ठे, टोके आणि कडा मोजूनही वस्तूची पुरी ओळख पटत नाही. काड्यापेटी घ्या, मिठाईचे चौकोनी खोके घ्या, फासा घ्या. तिघांचे आकडे तेच: ६, ८, १२. तरी फरक आहे, आणि तो आपल्या हातांना डोळ्यांआधी कळतो. समजा या तिघांवर काहीही छापलेले नाही, आणि प्रत्येकाला नेमके बसेल असे एकेक कोंदण आहे. वस्तू कोंदणातून काढावयाची, फिरवावयाची आणि पुन्हा बसवावयाची. किती रीतींनी बसेल?

काड्यापेटी चारच रीतींनी बसते. होती तशी, किंवा तिच्या तीन दिशांपैकी कोणत्याही एकीभोवती अर्धा फेरा देऊन. मिठाईचे खोके, ज्याचा तळ चौरस पण उंची वेगळी, ते आठ रीतींनी बसते. वरचे वर किंवा खालचे वर अशा दोन, आणि दोन्हीत चार-चार वळणे. फासा मात्र सहापैकी कोणतेही पृष्ठ वर घेऊन आणि प्रत्येक वेळी चार वळणांनी, म्हणजे चोवीस रीतींनी बसतो. या आकड्यावरून वस्तूची सममिती ठरते. सारीपाटाचे जुने लांबोळके फासे आठवा. त्यांची दोन टोकाची अंगे वेगळी, चार लांब अंगे मात्र एकसारखी. म्हणून दाने त्या चार अंगांवरच घालतात. न्याय हवा तर अंगे आकाराने सारखी असून भागत नाही, एक अंग फिरवून दुसऱ्याच्या जागी आणता आले पाहिजे. हे सारीपाट करणाऱ्या कारागिराला ठाऊक होते.

आपला कंदील किती रीतींनी बसेल? तोही चोवीस! कारण तो फाशातूनच, आठही टोके सारखी कापून निघाला. पृष्ठे चौदा झाली, टोके बारा झाली, आकडे सारे बदलले, पण घराणे फाशाचेच राहिले. आणि या घराण्यात तिसरी एक वस्तू आहे जी आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे. ती म्हणजे तुरटी. दुकानातला खडा फोडलेला असतो म्हणून कळत नाही. पण तुरटीचा स्फटिक निवांतपणे वाढू दिला तर तो आठ त्रिकोणांचा होतो, दोन चौकोनी शिखरे तळाला तळ लावून जोडावीत तसा. अष्टफलक. त्याला पृष्ठे ८, टोके ६. फाशाच्या अगदी उलट. फाशाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर एकेक ठिपका देऊन ते आतून जोडले की अष्टफलक मिळतो. म्हणून त्याच्याही रीती चोवीस. मिठाचा स्फटिक फाशासारखा, हे भिंगातून आज रात्रीच पाहता येईल. साखर मात्र फसवी आहे. खडीसाखरेचा खडा कितीही नीट दिसो, तो दोनच रीतींनी आपल्या जागी बसतो.

सगळी पृष्ठे एकसारखी, सगळ्या बाजू आणि कोन सारखे, आणि प्रत्येक टोकाला तितकीच पृष्ठे, अशा वस्तू किती? पाचच. याचे कारण पोस्टकार्डाच्या तुकड्यांनी समजते. टोकाशी जमलेल्या कोनांची बेरीज ३६० अंशांहून कमी हवी, नाहीतर कागद वर उचललाच जात नाही. समभुज त्रिकोणाचा कोन ६०. म्हणून टोकाशी तीन, चार किंवा पाच त्रिकोण चालतात, सहा घातले की सपाट. चौरस तीनच चालतात. पंचकोनाचा कोन १०८, तेही तीनच. षट्कोन तीन घेतले की मधमाशीच्या पोळ्यासारखी सपाट फरशी होते, टोक येतच नाही. त्रिकोणांच्या तीन, चौरसांची एक, पंचकोनांची एक, संपले. चार, आठ आणि वीस त्रिकोणांच्या, सहा चौरसांची, बारा पंचकोनांची. युक्लिडने आपल्या ग्रंथाचा शेवट या पाचांवर केला. तो ग्रंथ अठराव्या शतकात जयपूरच्या दरबारी सम्राट जगन्नाथ यांनी अरबीतून संस्कृतात आणला. 'रेखागणित' हे त्याचे नाव, आणि तो छापला गेला मुंबईत, १९०१-०२ साली.

आपल्या जुन्या पंडितांची तऱ्हा थोडी निराळी. आर्यभटाने ४९९ साली घनाला 'बारा कडांचा' आणि चार त्रिकोणांच्या आकृतीला 'सहा कडांची' म्हटले. पृष्ठे न मोजता कडा मोजल्या. मला ही रीत कामट्या बांधणाऱ्यांची वाटते, कागद चिकटवणाऱ्यांची नव्हे. शिखराकृतीचे घनफळ त्याने मात्र तळ आणि उंचीच्या गुणाकाराच्या निम्मे सांगितले, ते चुकीचे. बरोबर ते तिसरा हिस्सा, आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त ते बरोबर आहे. पुठ्ठ्याचे शिखर आणि त्याच तळाचे, त्याच उंचीचे खोके करून जोंधळ्यांनी भरून पाहा. तीन शिखरे जोंधळे ओतले की खोके काठोकाठ भरते.

भास्कराचार्यांचे नाव आले म्हणून सांगते. त्यांचा जन्म १११४ सालचा, लीलावती ११५० च्या सुमाराची. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला तो आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे. १२०७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. पाटणादेवीला आपल्यापैकी कित्येकजणी ओटी भरायला जाऊन आल्या असतील. लीलावती ही त्यांची मुलगी होती की नाही हा वाद पंडितांनी करावा. पण त्या ग्रंथातली उदाहरणे एका मुलीला हाक मारून घातलेली आहेत, एवढे कोणालाही उघडून पाहता येते. आणि आमच्या वेळी मुलींना 'सामान्य गणित' घेऊन भूमिती सोडण्याची मुभा होती, ती मुभा किती घरांनी मुलीला न विचारता तिच्या वतीने घेतली हे मी वर्गात बसून पाहिले आहे. फॉर्म भरताना वडील म्हणत, "पुढे काय करायचे आहे तिला?" आई गप्प राही. भूमिती सोडलेल्या त्या मुलींतल्या दोघी आज येथे कंदील बांधतात, आणि त्यांच्या गाठी मंडळात सर्वांत नेटक्या आहेत.

याच विषयात एका गृहिणीचे नाव आदराने घेतले जाते. ॲलिशिया बूल स्टॉट, जन्म १८६०. वडील मोठे गणितज्ञ जॉर्ज बूल, पण ते ही चार वर्षांची असतानाच वारले. आई मेरी, ज्यांच्या नावाने एव्हरेस्ट शिखर ओळखले जाते त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. ॲलिशियाने विद्यापीठाचे तोंड पाहिले नाही. लग्न झाले, दोन मुले झाली. ओळखीच्या एका गृहस्थाने लाकडी ठोकळे देऊन, लांबी-रुंदी-उंचीच्या पलीकडे चौथी दिशा असती तर वस्तू कशा दिसल्या असत्या, असा खेळ लावून दिला होता. तो हिने सोडला नाही. सपाट सुरीने अशी चौथ्या दिशेची वस्तू कापत गेले, तर कापाचे तोंड कसकसे बदलत जाईल, ते तिने पुठ्ठ्याचे नमुने करून ठरवले. सूत्रे नाहीत, कात्री आणि डिंक. तेथे नियमित आकृती पाच नव्हे, सहा आहेत हे तिने स्वतःच्या बुद्धीने शोधले. तिच्याआधी एका स्विस गणितज्ञाने ते काढले होते, पण तिला ते ठाऊक नव्हते. हॉलंडच्या एका प्राध्यापकाने काढलेली चित्रे तिच्या पाहण्यात आली आणि ती तिच्या पुठ्ठ्यांशी तंतोतंत जुळली. पुढे दोघांनी मिळून वर्षानुवर्षे काम केले, आणि १९१४ साली ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला सन्मानाची डॉक्टरेट दिली.

आता रुमाल सोडते.

हा स्फटिक आपल्याच जिल्ह्यातल्या खडीच्या खाणीतला. बोराएवढा, पाण्यासारखा नितळ. याचे नाव अपोफिलाइट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थरावर थर साचले. अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली तो काळा पाषाण हाच. रस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे राहिले, आणि पुढे त्या पोकळ्यांत ऊन पाणी झिरपून असे स्फटिक भिंतींवर वाढले. सोबत पुष्कळदा स्टिल्बाइट नावाचा, पिकल्या पीचच्या रंगाचा, मध्ये आवळलेल्या पेंढीसारखा दगड असतो. देशोदेशींच्या संग्रहालयांत अशा दगडांखाली 'जळगाव' अशी चिठ्ठी असते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तर त्यांची दालने आहेत. आपल्याकडे मात्र त्यांतले किती रस्त्याच्या खडीत गेले त्याची मोजदाद नाही.

हातोहात फिरवा आणि सांगा, हा काय आहे? दहाजणींतल्या नऊ म्हणतील, ठोकळा. आठही टोके कापलेला ठोकळा. मोजा: सहा मोठी पृष्ठे, आठ लहान त्रिकोण, चौदा. कंदिलाइतकीच! म्हणून हाही फाशाच्या घराण्यातला म्हणावा, तर नाही. उजेडात हळूहळू फिरवून पाहा. मोठ्या सहा अंगांपैकी चार काचेसारखी चकाकतात आणि त्यांवर बारीक उभ्या रेघा असतात. समोरासमोरची दोन अंगे मात्र मोत्यासारखी, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झळाळतात. पाते लावून फोडला तर तो याच दोन अंगांना समांतर पानापानांनी सुटतो, दुसऱ्या दिशेने तसा सुटत नाही. तापवले तरी पापुद्रे निघतात. त्यावरूनच फ्रान्सच्या आवी नावाच्या शास्त्रज्ञांनी १८०६ साली 'पाने सोडणारा' या अर्थाचे हे नाव ठेवले. आतल्या अणूंच्या मांडणीत उभे माप आडव्या मापाच्या पावणेदोन पट असते. म्हणजे बाहेरून फासा दिसणारा हा दगड आतून मिठाईचे खोके आहे. तो चोवीस नव्हे, आठच रीतींनी आपल्या जागी बसतो.

आकडे तेच, आकृती जवळजवळ तीच, आणि घराणे निराळे. स्फटिकांची वर्गवारी पृष्ठे मोजून का करीत नाहीत ते यावरून कळेल. पृष्ठे जागेप्रमाणे बदलतात. एका पोकळीत टोके कापलेली, दुसरीत टोकदार शिखरे आलेली, पण दगड एकच असतो, आणि न बदलणारी असते ती सममिती. तिच्या आधाराने जगातले सगळे स्फटिक बत्तीस वर्गांत बसतात. हेसेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८३० सालीच सिद्ध केले. त्या बत्तिसांत पाचाची फिरकी कोठेच नाही. भेंडी आडवी कापली की पाच कोन दिसतात, जास्वंदीला पाकळ्या पाच, पण स्फटिकाला पाचाचा फेरा नाही. पंचकोनी फरशांनी जमीन फटी न ठेवता भरत नाही ना, तसेच ते. १९८२ साली शेख्टमन यांना एका मिश्रधातूत हा नियम मोडलेला दिसला. त्यांना पुष्कळांनी वेड्यात काढले आणि २०११ साली नोबेल पारितोषिक दिले.

वेळ झाली आहे आणि समोसे निवत चालले आहेत, तेव्हा शेवटी घरी करून पाहावयाचे तेवढे सांगते. तुरटी कुटून कढत पाण्यात विरेल तितकी विरवावी. फडक्यातून गाळून काचेच्या भांड्यात झाकून ठेवावी. एक-दोन दिवसांत तळाशी बारीक खडे बसतील, त्यांतला एक नीट घडीचा निवडून शिवणाच्या दोऱ्याला बांधावा. राहिलेले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून, पूर्ण थंड झाले की त्यात तो खडा मधोमध टांगावा. पाणी कोमट असताना टांगला तर विरून जातो. वर पातळ फडके बांधावे आणि भांडे हलवू नये. तळाशी पडून राहिलेला खडा चपटा होतो, टांगलेला सर्व अंगांनी वाढतो. दोन-तीन आठवड्यांनी काढून पुसावा आणि पृष्ठे मोजावीत. आठ भरतील. कोणाच्या खड्याची सहाही टोके किंचित कापलेली निघाली तर चौदा भरतील. तो खडा टाकून न देता पुढच्या शनिवारी मंडळात घेऊन यावा.